चीनची धाप आणि आपले समाधान

चीनचा आर्थिक उत्कर्ष चिरकाल टिकणारा आहे काय, अशी शंका जगातील अर्थवेत्ते गेली काही वर्षे उघडपणे बोलून दाखवीत आहेत, आणि तिचे पडसाद आपल्याकडील सुशिक्षित वर्गातही उमटू लागले आहेत. ही शंका निराधार नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु ती व्यक्त करताना आपल्या बोलण्यात समाधानाचा जो सूर लागतो, तो मात्र आम्हांस चिंतेचा वाटतो. शेजाऱ्याच्या घराला तडे गेले म्हणजे आपल्या घराच्या भिंती आपोआप मजबूत होतात, अशी काहीशी समजूत या समाधानाच्या मुळाशी दिसते. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी बीजिंगला जाण्याचे कारण नाही. पश्चिमेस तळेगाव, ईशान्येस चाकण आणि दक्षिणेस आकुर्डी व पिंपरी असा कारखानदारीचा जो पट्टा देहूच्या भोवती पसरला आहे, त्याने चीनचा चढता काळ सोसला आहे आणि चीनला लागलेल्या धापेचे परिणामही तो आता अनुभवीत आहे.

प्रथम चीनला न्याय द्यावयास हवा. १९७८ साली डेंग शियाओपिंग यांनी सुधारणांचा मार्ग धरला, त्यानंतर सुमारे तीन दशके त्या देशाने वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढ साधली. १९९०च्या सुमारास चिनी माणसाचे सरासरी उत्पन्न आणि भारतीयाचे उत्पन्न यांत फारसे अंतर नव्हते; आज ते आपल्या जवळजवळ पाचपट आहे. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि पाहता पाहता जगातील कारखानी उत्पादनाचा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास जाणारा भाग एकट्या त्या देशात होऊ लागला. याच २००१ साली गॉर्डन चांग या अमेरिकी लेखकाने चीन दहा वर्षांत कोसळेल असे भाकीत ग्रंथरूपाने केले होते. २०११ आले आणि गेले. चीन कोसळला नाही. तेव्हा भाकिते करणाऱ्यांनी जपून बोलावे, हे बरे.

तथापि शंका घेणाऱ्यांत केवळ परकेच आहेत असे नाही. मार्च २००७ मध्ये खुद्द चीनचे तत्कालीन पंतप्रधान वेन जियाबाओ यांनी आपल्या देशाची अर्थव्यवस्था अस्थिर, असंतुलित, विसंगत आणि न टिकणारी आहे, असे जाहीरपणे सांगितले होते. त्या वेळी वाढीचा वेग शिखरावर होता. त्यांनी निदान केलेले विकार पुढील काळात बरे तर झाले नाहीतच, उलट बळावले.

त्यांतील पहिला विकार कर्जाचा. चीनमध्ये जमिनीची मालकी शहरांत शासनाची असते. स्थानिक शासनांनी जमिनीचे हक्क बांधकाम कंपन्यांना विकावेत, त्या पैशातून रस्ते, पूल व वसाहती उभाराव्यात, त्यामुळे जमिनीचे भाव चढावेत आणि चढलेल्या भावाच्या भरवशावर आणखी कर्ज काढावे, असे हे चक्र होते. भाव चढते होते तोवर ते फिरले. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र शासनाने बांधकाम कंपन्यांच्या कर्जावर मर्यादा घातल्या, आणि आतील पोकळी उघडी पडली. ३०० अब्ज डॉलरांहून अधिक देणी असलेली एव्हरग्रांड ही कंपनी २०२१ च्या अखेरीस कर्जफेड चुकली. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. जमिनीच्या विक्रीतून मिळणारे स्थानिक शासनांचे उत्पन्न २०२१ नंतर जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या मध्यमवर्गाने आयुष्याची पुंजी घरात गुंतविली होती, त्याच्या मिळकतीचे मोल घटले व त्याचा हात आखडला.

देहूला कर्जखतांची गोष्ट परकी नाही. दुष्काळाने दुकानदारी बुडाल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली आणि ऋणकोंना मोकळे केले, अशी परंपरा सांगते. राज्यांना अशी मुक्ती सुलभ नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनने स्थानिक शासनांच्या छुप्या कर्जासाठी १० लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. तिने कर्ज बुडविले नाही, केवळ जुन्या महाग कर्जाच्या जागी नवे, स्वस्त आणि लांब मुदतीचे कर्ज आणले. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, इतकेच.

दुसरा विकार माणसांचा आहे. १९८० च्या सुमारास लादलेले एका अपत्याचे धोरण २०१५ पर्यंत चालले. ते उठविले, पुढे २०२१ मध्ये तीन अपत्यांची मुभा दिली, तरी पाळणे हललेच नाहीत. २०१६ साली तेथे पावणेदोन कोटींहून अधिक बालके जन्मली. २०२३ साली ती संख्या ९० लाखांवर आली. २०२२ पासून चीनची एकूण लोकसंख्याच घटू लागली आहे. जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढविण्याचा निर्णय तेथील शासनाला घ्यावा लागला, तो याच कारणाने. इकडे हात कमी होत असता तिकडे सुशिक्षित तरुणांना काम मिळेनासे झाले, ही विसंगतीही लक्षात घेण्याजोगी आहे. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतील बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा शासनाने ती आकडेवारी प्रसिद्ध करणेच काही महिने थांबविले. आकडा झाकल्याने बेकारी झाकत नाही.

तिसरा विकार या सर्वांच्या मुळाशी आहे, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. चिनी कुटुंबांचा घरखर्च हा त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी आहे. भारतात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास असते. याचा अर्थ, चिनी कामगार जे निर्माण करतो ते विकत घेण्याची ऐपत अथवा मनाची निश्चिंती त्याच्यापाशी नाही. आजारपण, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपण यांच्या धास्तीने तो पैसा बाजूला टाकतो; बँका तो पैसा कारखान्यांना देतात; कारखाने आणखी माल काढतात. घरी न खपलेला माल मग जगाच्या बाजारात जातो. २०२४ साली चीनची निर्यात आयातीपेक्षा सुमारे ९९,००० कोटी डॉलरांनी अधिक होती. २०२५ साली हे आधिक्य एक लाख कोटी डॉलरांच्याही पलीकडे गेले. अमेरिकेने त्या वर्षी जकाती वाढविल्या तेव्हा अमेरिकेकडे जाणारा चिनी माल घटला, पण एकूण निर्यात घटली नाही. तिने केवळ वाट बदलली.

येथेच आपल्या समाधानाचा पाया ढासळतो. चीनची घरची मागणी जितकी मंदावेल, तितका त्याचा माल अधिक स्वस्त होऊन बाहेर येईल. भोसरी, चिखली, तळवडे येथील ज्या लहान कारखानदाराला चीन दुबळा झाल्याची बातमी ऐकून हायसे वाटते, त्याला त्या दुबळेपणाची किंमत पुढच्या निविदेत मोजावी लागण्याचा संभव आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात चीनबरोबरच्या व्यापारात भारताची तूट ९,९०० कोटी डॉलरांच्या घरात गेली. हे आकडे चीनच्या भरभराटीच्या काळातील नाहीत, त्याला धाप लागल्यानंतरचे आहेत, हे विसरता कामा नये.

स्वस्त माल घेण्यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर पिंपरीने दिले आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी भारताचे स्वतःचे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरीच्या औद्योगिक जीवनाचा तो आरंभ होता. पुढे चिनी पेनिसिलिन अशा भावाने येऊ लागले की देशातील कारखाने एकामागून एक या मूळ द्रव्याच्या निर्मितीतून बाहेर पडले. पिंपरीच्या दुखण्याला अन्य कारणेही होती, हे खरे. परंतु ज्या विद्येत आपण पारंगत झालो होतो ती आपण स्वस्ताईच्या मोहाने गमावली, हेही खरे. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा औषधांच्या कच्च्या द्रव्यांसाठी आपण चीनवर किती विसंबून आहो याची जाणीव झाली, शासनाने अनुदानाची योजना आखली, आणि २०२४ साली आंध्रातील काकिनाडा येथे पेनिसिलिनचे मूळ द्रव्य पुन्हा बनू लागले. गमावलेली विद्या परत मिळविण्यास किती वर्षे आणि किती पैसा लागतो, याचा हा धडा आहे.

दुसरा धडा आकुर्डीचा. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदाधातू व त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या मोटारीत हे चुंबक लागते. जुलैमध्ये बजाज ऑटोने इशारा दिला की ऑगस्टमध्ये विजेवरील चेतकचे उत्पादन शून्यावर येऊ शकेल. पुढे पुरवठा काहीसा मोकळा झाला आणि प्रसंग टळला. परंतु ज्या चीनच्या अर्थव्यवस्थेविषयी आपण शंका घेतो, तोच चीन एका परवान्याच्या बळावर आकुर्डीतील काम थांबवू शकतो, ही वस्तुस्थिती त्यातून उघड झाली. देश आतून अडचणीत आला म्हणजे तो बाहेर नरम होतोच असे नाही. कित्येकदा तो अधिक ताठर होतो.

तळेगावचा अनुभव निराळा, परंतु तितकाच बोलका. जनरल मोटर्सने भारतातून निघण्याचे ठरविल्यावर जानेवारी २०२० मध्ये तेथील कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचा करार केला. एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या भांडवलाला केंद्र शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. जूनमध्ये गलवान येथे आपले वीस जवान हुतात्मा झाले. त्यानंतर तो करार पुढे सरकला नाही आणि २०२२ च्या मध्यास संपुष्टात आला. देशाच्या सुरक्षेसाठी घेतलेल्या निर्णयाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु डिसेंबर २०२० मध्ये कारखाना थांबल्यानंतर हजाराहून अधिक कामगार न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत राहिले, आणि राष्ट्रीय धोरणाची किंमत त्यांच्या चुलीने मोजली, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. हुंडाईने २०२३ साली तो कारखाना घेण्याचा करार केला व २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. मधली वर्षे त्या कामगारांना कोणी परत दिली नाहीत.

आता या आरशात थोडे आपलेही मुख पाहू. चीन म्हातारा होत आहे आणि भारत तरुण आहे, हे वाक्य सभांतून टाळ्या मिळविते. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ आहेत, लोकसंख्या स्थिर राहण्यास ती सुमारे २.१ असावी लागतात. म्हणजे आपण त्याच वाटेवर आहोत, आणि चीन श्रीमंत होण्याच्या बेतात असता म्हातारा होऊ लागला, तर आपण त्याहून पुष्कळ आधी होऊ. देशाच्या उत्पन्नात कारखानी उत्पादनाचा वाटा २०२२ पर्यंत पंचवीस टक्क्यांवर नेण्याचे जे उद्दिष्ट आपण जाहीर केले होते, ते साध्य झालेले नाही. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा तरुण जी मोटार जोडतो, ती घेण्याचे स्वप्नही त्याच्या आवाक्यात नाही. चिनी कामगाराच्या आखडलेल्या हाताची चिकित्सा करणाऱ्यांनी याचाही विचार करावा. आणि इंद्रायणी? शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे रसायन पोटात घेऊन ती आळंदीस फेसाळत जाते. हवा आणि पाणी नासवून साधलेल्या वाढीची किंमत ओळखून चीनने २०१४ मध्ये प्रदूषणाविरुद्ध युद्ध पुकारले. आपण अद्याप समित्याच नेमीत आहोत.

म्हणून आमचे म्हणणे असे की, चीनच्या भवितव्याविषयीची शंका हा आपल्या धोरणाचा आधार होऊ शकत नाही. तो देश कोसळेल असे धरून चालणे जितके धोक्याचे, तितकेच तो अजिंक्य आहे असे मानून हातपाय गाळणेही. कोणत्या वस्तूंवाचून आपले कारखाने आणि रुग्णालये अडतील, याची यादी करून तेवढ्या वस्तूंसाठी देशात किंवा अन्यत्र दुसरा पुरवठादार उभा करणे, त्यासाठी काही वर्षे अधिक किंमत मोजण्याची तयारी ठेवणे, लागतमूल्याखाली विकल्या जाणाऱ्या मालाची चौकशी लहान उद्योगाचा जीव जाण्यापूर्वी पुरी करणे, आणि कारखान्यात दीर्घकाळ राबणाऱ्याला कायम नोकरी व पुरेसे वेतन देणे, ही कामे चीन वाढो वा खचो, आपल्याला करावीच लागतील. चीनला धाप लागली आहे, यात संशय नाही. परंतु त्याची धाप मोजीत आपण काठावर बसून राहिलो, तर आपले अंतर कमी होणार नाही. केंद्र आणि राज्य या दोन्ही शासनांनी येत्या अर्थसंकल्पांत या कामांसाठी काय तरतूद केली, हे या पट्ट्यातील नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींस नावानिशी विचारावे, अशी आमची सूचना आहे.