पंपातले दुधाळ पाणी

कढी करताना ताकाला बेसन लावतात. नाही लावले तर उकळी येताच कढी फुटते; चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. फवारणीच्या पंपातही असेच काहीसे घडते. तिथे मात्र प्रश्न चवीचा नसून जिवाचा असतो. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे आम्ही विसरलेलो नाही.

बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेले औषध तेलकट असते. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून त्यात साबणासारखा पदार्थ आधीच घातलेला असतो. त्याचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात व पाणी दुधासारखे दिसते. ‘एससी’ औषधात बारीक भुकटी असते. ती तळाशी बसू नये म्हणून डिंकासारखा पदार्थ घालून औषध दाट करतात. पण पंपात भरपूर पाणी पडले की हा दाटपणा उरत नाही. पंप बराच वेळ तसाच ठेवला तर औषध व पाणी वेगळे होऊ लागते. मग एका ओळीला औषध कमी, दुसरीला जास्त. म्हणून औषध काठीने ढवळावे, हाताने कधीच नाही. आणि जेवणाच्या सुटीनंतर झाकण घट्ट लावून पंप हलवून घ्यावा.

हात का घालू नये? जो पदार्थ औषध पानावर पसरवतो, तोच ते आपल्या कातडीवरही पसरवतो, आणि तेलात विरघळलेले विष कातडीतून अंगात शिरते. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही, साबणच लागतो. फवारणी संपताच साबणाने अंघोळ करावी. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. धुणाऱ्या माउलीच्या हातालाही तेच विष लागते. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले तर बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळालेच पाहिजेत, असे 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात. तेव्हा मजुरी ठरवतानाच हातमोजे, तोंडाची पट्टी व साबण मागून घ्या. मागायला लाजू नका. ती भीक नाही, हक्क आहे.