इंजिन बांधण्याआधी डिझेल मोजा



उन्हाळा लागला की उजनीच्या फुगवट्यावर आणि विहिरींवर ठेवणीतली डिझेल इंजिने पुन्हा सुरू होतात. मग बारामती-इंदापूरच्या बाजारात एकच प्रश्न कानी येतो : “साहेब, इंजिन लई डिझेल खातंय, बांधून घेऊ का?”

घाई करू नका. आधी मोजा. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या भारावर १ तास इंजिन चालवा आणि मापाने पुन्हा तितकीच भरा. ५ अश्वशक्तीचे चांगले इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १ ते सव्वा लिटर डिझेल घेते. दीड-पावणेदोन लागत असेल, तर दुखणे नक्की आहे. ते कुठे आहे हे धूर सांगतो.

धूर काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. एअर क्लीनर तुंबलेला, नोझल गळकी किंवा भार जास्त. निळा असेल तर ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर झिजले समजा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर टायमिंग तपासा किंवा पाणी आत जाते का पाहा.

माझीच चूक सांगतो. १९९८ साली इंदापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मी धूर नीट न पाहताच “रिंगा गेल्या” असे सांगून मोकळा झालो. घरच्या बाईने दोन शेळ्या विकून पैसे उभे केले. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या आल्या, पण नोझल जुनीच बसवली. धूर काळाच राहिला, डिझेलही तेवढेच. पुढे बारामतीत नोझल तपासली, तर फवाऱ्याऐवजी थेंब पडत होते. नोझल बदलली आणि काम झाले. शेळ्या मात्र परत आल्या नाहीत. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कुणाला सल्ला देत नाही.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेली डिझेल रिक्षा असो वा आपले मळ्यातले इंजिन, नियम एकच : हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेलचा फवारा आपोआप पेटावा. शेतीच्या इंजिनात हवा साधारण १६-१७ पट दाबली जाते. हा दाब जिथून निसटतो, तिथून तुमचा पैसा निसटतो. म्हणून इंजिन खरोखरच बांधायचे ठरले, तर मिस्त्रीजवळ उभे राहून एवढे करून घ्या :

१) लायनर-पिस्टनमधली फट आणि रिंगांचे तोंड मोजूनच बसवावे. सगळ्या रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत.
२) व्हॉल्व्ह घासून घ्यावेत. नंतर वर रॉकेल ओतून पाहावे. झिरपता कामा नये.
३) हेडची पॅकिंग ठरलेल्या जाडीचीच घालावी. जाड घातली की दाब घटतो.
४) नोझल व डिझेल पंप यंत्रावर तपासून घ्यावेत. जोर वाढावा म्हणून पंपाचा स्क्रू पिळू देऊ नये.

बांधलेले इंजिन पहिले २०-२५ तास निम्म्या भारावर चालवा, मग ऑइल बदला. थंड पाण्याचा पूर्ण झोत इंजिनात सोडू नका; बाहेर पडणारे पाणी हाताला चटका बसेल इतके गरम हवे. थंड इंजिन डिझेल जास्त खाते आणि झिजतेही लवकर.

शेवटची गोष्ट इंजिनाबाहेरची. अरुंद पाइप, नको तितके बेंड आणि तुंबलेला फूटव्हॉल्व्ह असला, तर उत्तम इंजिनही तासन् तास डिझेल जाळते आणि वाफ्यात पाणी थोडेच पडते. तेही एकदा तपासा.

डिझेलने लिटरला नव्वदी ओलांडली आहे. तासाला पाव लिटर वाचले, तरी ४०० तासांच्या हंगामात १०० लिटर वाचतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यात सहज निघेल. तेव्हा टाकीशेजारी एक वही टांगा आणि तास व लिटर रोज लिहा. हे काम घरातल्या शाळकरी मुलीकडे द्या. ती हिशेबात चुकणार नाही.