देवाजवळ हात आखडू नका

हट्ट्याच्या शिवारात हळदीचे बेणे मातीआड करून तुम्ही आठ-नऊ महिने धीर धरता. मग देवाशी बोलतानाच एवढा संकोच का? पाऊस पडू दे, कर्ज फिटू दे, एवढ्यावर प्रार्थना आटोपते. मुलीला डॉक्टर करायचे आहे, हे सांगायला मात्र जीभ अडते!

पंडिता रमाबाईंनी केडगावी जमीन घेतली, विहिरी खोदविल्या, फळबाग लावली. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली तेथे आणल्या. बाई देवाकडे मागत आणि लगेच कामाला लागत. उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली डोळे मिटण्याआधी ते पुरे झाले.

आज प्रार्थनेला बसाल तेव्हा मुलीला काय व्हायचे आहे ते विचारा. देवाला तिलाच सांगू द्या.