नास्तिकता हीसुद्धा एक श्रद्धाच काय?




स्मरणिकेचा हा अंक आपल्या हाती देताना प्रथेप्रमाणे संपादकीयातून वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावयास हवा होता. तो चिटणीसांच्या अहवालात पुढील पानांवर आहेच. येथे आम्ही अशा एका प्रश्नाकडे वळणार आहोत की जो आपल्या अनेक घरांत जेवणाच्या टेबलावर निघतो आणि बहुधा तेथेच चिडचिडीत संपतो.

२१ मार्च २०२१ हा इंग्लंडमधील जनगणनेचा दिवस. टाळेबंदीमुळे सारे घरातच होते. संगणकावर माहिती भरता भरता धर्माचा प्रश्न आला. २००१ पासून हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर देणे ऐच्छिक असते. उत्तरांच्या यादीत सर्वांत वर 'धर्म नाही', त्याखाली 'ख्रिश्चन' आणि त्याखाली 'बौद्ध'. घरातील एकेकाच्या नावापुढे आम्ही 'बौद्ध' अशी खूण करीत गेलो. एकोणीस वर्षांच्या मुलाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, माझ्यापुढे 'धर्म नाही' असं करा. तुम्ही देव मानत नाही, मीही मानत नाही. मग हे लेबल कशाला?" त्याची आजी नागपूरची. ती पलीकडून म्हणाली, "अरे बाबू, देव न मानणं हाच तर आपला धर्म आहे नं!" मुलगा हसला. "म्हणजे तीही एक श्रद्धाच झाली ना, आजी?"

आम्ही त्याच्या सांगण्याप्रमाणेच खूण केली. त्याच्या मनात नाही ते त्याच्या नावे लिहिणे म्हणजे चौथ्या शीलाचाच भंग झाला असता. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हेही खरे. पुढे आकडे प्रसिद्ध झाले. इंग्लंड व वेल्समधील २ कोटी २२ लाख लोकांनी, म्हणजे शंभरातील ३७ जणांनी, 'धर्म नाही' असे नोंदविले होते. बौद्धांची संख्या सुमारे २ लाख ७३ हजार भरली. पहिल्या आकड्यात आमच्या घरातील एक आहे.

मुलाने थट्टेत टाकलेला प्रश्न या देशात अनेक जण गंभीरपणे विचारतात. कचेरीतील सश्रद्ध सहकारी म्हणतो, "देव नाही हे तरी तुम्ही कोठे सिद्ध केले आहे? म्हणजे तुमचीही ती श्रद्धाच." हा युक्तिवाद ऐकावयास चतुर वाटतो, पण तो टिकत नाही. गावच्या पिंपळावर मुंजा आहे असे कोणी सांगितले आणि आम्ही ते मानले नाही, तर आम्ही 'मुंजा नाही' या पंथाचे अनुयायी ठरत नाही. मुंजा आहे असे म्हणणाऱ्याने तो दाखवावयाचा असतो. १९२७ साली लंडनच्या बॅटरसी टाऊन हॉलमध्ये आपण ख्रिस्ती का नाही हे सांगणाऱ्या बर्ट्रंड रसेल यांनीही पुढे हाच मुद्दा पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधोमध सूर्याभोवती फिरणाऱ्या एका चहाच्या किटलीचे उदाहरण घेऊन मांडला होता. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, पडीक रान हा काही पिकाचा प्रकार नव्हे.

आणखी एक गंमत अशी की, नास्तिकांवर हाच आरोप पूर्वी नेमका उलट केला जाई. १८८० साली नॉर्थॅम्प्टनमधून चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक ब्रिटिश संसदेवर निवडून आला. देवाच्या नावे शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची परवानगी त्याने मागितली. ती नाकारण्यात आली. मग तो शपथ घेण्यास तयार झाला, तर ज्याचा देवावर विश्वास नाही त्याच्या शपथेला अर्थ काय, म्हणून तीही घेऊ देण्यात आली नाही. त्याला काही काळ संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवण्यात आले. मतदारांनी त्याला पुनःपुन्हा निवडून दिले आणि अखेर १८८६ मध्ये त्याला आसन मिळाले. १८८८ चा शपथविषयक कायदा हे त्याच्याच चिकाटीचे फळ. पुढच्याच वर्षी हा गृहस्थ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनासही उपस्थित होता. तेव्हा त्याचे विरोधक म्हणत होते की, याला श्रद्धाच नाही, म्हणून याच्या शब्दावर विसंबता येत नाही. आज म्हटले जाते की, तुम्हांलाही श्रद्धा आहेच, म्हणून तुमचे आमचे सारखेच. दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. नागरिकत्वाच्या समारंभात आपल्यापैकी अनेकांनी देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा केली, तेव्हा ती सोय कोणी किती सोसून मिळविली याची आपणांस कल्पनाही नव्हती.

येथील २०१० चा समानता कायदा धर्म असणे आणि धर्म नसणे या दोहोंना एकाच कलमात संरक्षण देतो. त्यावरून दोन्ही एकच आहेत असा निष्कर्ष काही जण काढतात. एकाच छत्रीखाली उभे राहिल्याने दोन माणसे एक होत नाहीत, इतकेच येथे म्हणतो.

मग आजीचे काय? तिचे म्हणणे अधिक विचार करावयास लावणारे आहे, कारण तिने जो शब्द उच्चारला नाही तो शब्द आपल्या पूर्वजांवर शिवीसारखा फेकला गेला होता. मनुस्मृतीच्या लेखी नास्तिक तो, जो वेदांची निंदा करतो. त्यात ईश्वराचा प्रश्नच नाही. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक हे आस्तिकांच्या पंक्तीस बसले आणि बुद्ध, जैन, चार्वाक बाहेर राहिले. पाणिनीच्या सूत्रावरील टीकाकारांनी परलोक मानणारा तो आस्तिक, न मानणारा तो नास्तिक, असा वेगळाच अर्थ लावला. म्हणजे 'नास्तिक' कोण, हे देवावरून नव्हे, तर कोणाची सत्ता तुम्ही झुगारली त्यावरून ठरत आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळण्यात आले त्याच पुस्तकाची ही व्याख्या आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तो शब्द आपण बिचकून का होईना पण अभिमानाने का वापरतो ते कळते.

परंतु ज्यांना वैदिकांनी नास्तिक ठरविले त्या भगवान बुद्धांनी स्वतः 'नत्थिक' मताचा स्पष्ट निषेध केला आहे, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांतून फारशी येत नाही. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात अजित केसकंबलीचे मत आले आहे. दानाला अर्थ नाही, सत्कर्माला आणि दुष्कर्माला फळ नाही, मूर्ख आणि शहाणा दोघेही मृत्यूनंतर सारखेच नष्ट होतात, असे तो सांगे. बुद्धाने ईश्वराला रजा दिली, पण माणसाच्या कृतीला अर्थ नाही हे त्याने कधीच मान्य केले नाही. या दोन नकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आमच्या मते आपल्या तरुणांशी बोलताना आपण नेमके येथेच कमी पडतो.

नास्तिकता कधी श्रद्धेचे रूप घेतच नाही काय? घेते. १९६७ साली अल्बानियाच्या राजवटीने सर्व धर्मांवर बंदी घातली, मशिदी आणि चर्चे बंद केली आणि देश निरीश्वर असल्याचे घोषित केले. तेथे देव नव्हता, पण प्रश्न विचारण्याची मुभाही नव्हती. एका पोथीच्या जागी दुसरी पोथी आली होती. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात बुद्धांनी याची कसोटी देऊन ठेवली आहे. एखाद्या गोष्टीवर दृढ श्रद्धा असूनही ती पोकळ ठरू शकते, म्हणून 'माझी श्रद्धा अशी आहे' एवढेच जो म्हणतो तो सत्याचे रक्षण करतो. 'हेच खरे, बाकी सारे खोटे' असे म्हणू लागताच ते रक्षण सुटते. त्याच सुत्तात एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टान्त आहे, आणि मूळ नसलेल्या श्रद्धेला तेथे 'अमूलिका' म्हटले आहे. उलट वीमंसक सुत्तात ज्या श्रद्धेची स्तुती आहे ती कारणांवर उभी असलेली, खुद्द तथागताचीही परीक्षा घेऊन मग ठेवलेली. श्रद्धा हा शब्द ऐकताच दचकणाऱ्या आमच्या बुद्धिवादी मित्रांनी हे एकदा वाचावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

पडीक रानाचा दृष्टान्त येथे पुन्हा आठवतो. पडीक रान पीक नव्हे हे खरे, परंतु ते मोकळेही राहत नाही, त्यात तण माजते. आपल्या किती घरांतून देव्हारा गेला पण मुहूर्त गेला नाही! नवीन घराच्या किल्ल्या घेण्यासाठी 'चांगला दिवस' पाहणारी बौद्ध कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. बुद्धमूर्तीपुढे परीक्षेच्या निकालासाठी नवस बोलणारीही आहेत. 'धर्म' नाकारून मुलांच्या लग्नाच्या वेळी मात्र पोटजात विचारणारे महाभाग तर आपल्याच सभांत पहिल्या रांगेत बसतात. केवळ 'नाही' म्हटल्याने रान नांगरले जात नाही.

बाबासाहेबांना हे पुरते माहीत होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ईश्वरावरील विश्वास धम्माच्या बाहेर ठेवला. त्या विश्वासातून पूजा-प्रार्थना, तिच्यातून पुरोहित आणि पुरोहितातून अंधश्रद्धा अशी परंपरा त्यांनी दाखविली. पण ते तेथे थांबले नाहीत. केवळ देव नाकारावयाचे असते तर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे थांबण्याचे कारण काय होते? नकार तर येवल्यातच झाला होता. शोध चालू होता तो होकाराचा.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या सभागृहात मुले बावीस प्रतिज्ञा म्हणतात. पहिल्या सहा प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. देवदेवता, अवतारकल्पना, श्राद्धपक्ष यांना तेथे निरोप दिला आहे. त्या वेळी मुलांचा आवाज कसा चढतो! नववी येईपर्यंत तो उतरलेला असतो, आणि मागच्या बाजूस भोजनाच्या ताटांची खळखळ सुरू झालेली असते. नववी प्रतिज्ञा सर्व माणसांना समान मानण्याची आहे. आम्हांस वाटते, मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. देव नाही असे म्हणावयास श्रद्धा लागत नाही, पुरावा मागण्याची सवय पुरते. पण सर्व माणसे समान आहेत हे कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध होणार? बळ, बुद्धी, संपत्ती, आयुष्य, कशातही माणसे सारखी नसतात. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या निबंधात बाबासाहेबांनी विरोधकांचा हा आक्षेप मान्य करून टाकला आहे. समता ही कल्पना म्हणा हवी तर, तरीही जगण्याचे तत्त्व म्हणून ती स्वीकारलीच पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. याला श्रद्धा म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा. ती आम्ही नाकारणार नाही, लपविणारही नाही. आमची श्रद्धा नकारात नाही, ती नवव्या प्रतिज्ञेत आहे.

आणि तिची किंमत मोजली गेली आहे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते अवघे अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते जवळजवळ २८ लाख झाले. त्या २८ लाखांत आमचे आजोबा होते. घरी आलेल्या गणकाने सवयीने जुनी जात लिहावयास घेतली तेव्हा त्यांनी त्याचा हात धरून 'बौद्ध' लिहावयास लावले. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाखाली केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. त्यामुळे केंद्र सरकारच्या एका खात्यातील राखीव जागा आमच्या काकांच्या हातून गेली. पुढे आयुष्यभर त्यांनी खाजगी दुकानात हिशेब लिहिले. कित्येकांनी पोटासाठी कागदावर जुनी जात राहू दिली. त्यांना दोष देण्याचा अधिकार परदेशात सुखाने बसलेल्या आम्हांस नाही. काका मात्र कधी चिडून म्हणत, "बाबांनी एका शब्दापायी माझी नोकरी घालवली." आणि दर पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जात.

हे सारे आम्ही मुलाला त्या मार्च महिन्यात सांगितले नव्हते. सांगावयास हवे होते. त्याला आम्ही दिले ते फक्त 'देव नाही' एवढेच, आणि मग त्याने त्याचा सरळ हिशेब केला म्हणून आम्ही दुखावलो.

गेल्या हिवाळ्यात तो एका विद्यार्थ्याला घरी घेऊन आला. मराठवाड्यातून शिकावयास आलेला हा मुलगा आपल्याच देशातील काही विद्यार्थ्यांसमवेत एका घरात भाड्याने राहत होता. आडनावावरून चौकशा सुरू झाल्या, स्वयंपाकघरातील भांडी वेगळी झाली आणि महिनाभरात त्याने ते घर सोडले. आमच्या मुलाने आपली खोली त्याला दिली आणि स्वतः सात आठवडे बैठकीच्या खोलीत झोपला. आम्ही त्यास असे काही करावयास सांगितले नव्हते. त्या आठवड्यांत एका रात्री आजोबांची १९६१ ची गोष्ट निघाली. दोन्ही मुले उशिरापर्यंत ऐकत बसली होती. मुलाने एवढेच विचारले, "त्या माणसाचा हात त्यांनी खरंच धरला होता?"

पुढच्या जनगणनेत तो आपला रकाना स्वतःच भरील. त्याने कोणता चौकोन निवडला हे आम्ही विचारणार नाही. आजी मात्र विचारल्यावाचून राहावयाची नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!

— संपादक