शिळं पाणी ओतू नका

परभणीत नळ आल्याची पहिली खूण म्हणजे पाणी ओतून दिल्याचा आवाज. मागच्या पाळीचं हौदात उरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत किंवा अंगणात जातं, आणि मगच टिल्लू पंप सुरू होतो. ज्या गावात नळाची वाट बघण्यात आठवडा उलटतो, त्या गावात दर पाळीला घरटी घागर दोन घागरी, कुठे कुठे अर्धा ड्रम असा जमिनीत जातो. आपण टंचाईबद्दल धरण, पाइपलाइन, टँकर या भाषेत बोलतो. घरात आलेलं पाणी टिकवायचं कसं, याबद्दल फार कमी बोलतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा वाघिणी किती आणि लिटर किती याची चर्चा राज्यभर झाली. ते पाणी पिंपात भरल्यावर आठवडाभर चांगलं कसं ठेवायचं, हे मात्र माझ्या वाचनात फारसं आलं नाही.

भाकरी शिळी होते तसं पाणी आपोआप शिळं होत नाही. त्यात बुडवलेला हात, वरून पडलेली धूळ, झाकणाच्या फटीतून शिरलेला डास आणि ऊन ही ते बिघडण्याची कारणं. ती अडवली तर मागच्या पाळीचं पाणी धुण्याभांड्याला, फरशीला, संडासाला बिनघोर चालतं.

याबाबतीत परदेशातल्या एका चैनीच्या वस्तूकडून शिकण्यासारखं आहे. अमेरिका, युरोपात बऱ्याच घरांच्या मागच्या अंगणात हॉट टब असतो, म्हणजे गरम पाण्यात बसून अंग शेकायचा मोठा टब. त्यात हजार-दीड हजार लिटर पाणी मावतं. टंचाईत टँकरचं पाणी माणशी रोज 20 लिटर देण्याचा आपल्याकडचा निकष लावला, तर दीड हजार लिटर म्हणजे पंचाहत्तर माणसांचं एका दिवसाचं पाणी. दुष्काळात असा टब भरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण भरलेला टब सांभाळण्याची तिथली रीत घेण्यासारखी आहे. एरवी तीन-चार महिन्यांनी ते पाणी बदलतात. पाण्यावर निर्बंध आले की बदलणं लांबवतात, टब घट्ट झाकतात, पाणी गाळत राहतात आणि क्लोरीन नियमित तपासतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा आली. महापालिकेच्या पाण्याने पोहण्याचे तलाव भरायलाही बंदी होती. तेव्हा तलावाचं पाणी वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय आच्छादन हाच होता.

आपल्या गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात वेगळं काय असते? पारा 44 च्या पुढे गेला की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. गरम पाण्यातलं क्लोरीन लवकर उडून जातं, हा टबवाल्यांचा रोजचा अनुभव आपल्या टाकीलाही लागू आहे. महापालिकेने पाणी शुद्ध करून सोडलं, तरी दोन-तीन दिवस उन्हात तापलेल्या टाकीत क्लोरीनचा अंश उरेलच असं नाही. म्हणून टाकीवर पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची सावली हवी आणि पिण्याचं पाणी खाली, घरात, वेगळ्या भांड्यात हवं. त्या भांड्यात ओगराळं किंवा तोटी हवी, तांब्या बुडवायचा नाही. गढूळ पाण्याला आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा. मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला साधारण 5 ग्रॅम. ती थेट टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसला की वरची निवळी ओतावी आणि अर्धा तास थांबावं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, पावडर उन्हात पडली, तर तिचा जोर जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात फाटकं पोतं दिसलं की मला काळजी वाटते ती यामुळेच.

आता अवघड भाग. आरोग्य विभाग सांगतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. सल्ला शास्त्राला धरूनच आहे. पण ज्या बाईच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार, तिने सातव्या दिवशी हौद रिकामा करून पोरांना काय पाजायचं? आशाताई दारात येऊन हौदात बॅटरी मारते, अळी दाखवते, बाई मान डोलावते आणि पाणी तसंच राहतं. दोघींचंही चूक नाही.

अशा घराला रिकामं करण्याचा नव्हे, हलवण्याचा सल्ला द्यायला हवा. हौदातलं पाणी दुहेरी फडक्यातून ड्रममध्ये गाळून घ्या आणि हौदाच्या भिंती काथ्याने खसखसून घासा. डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणाऱ्याचं पाणीही जातं आणि अंडीही तशीच राहतात. घासून झालं की गाळलेलं पाणी परत भरा, वर कापड बांधा. टाकीच्या हवेच्या पाइपलाही जाळी बांधा. वापरायच्या पाण्याच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. त्यात मात्र टीसीएल टाकू नका, मासे मरतील.

हे सगळं घराने करायचं. पण पाण्याची पाळी ठरवणं घराच्या हातात नाही. परभणीसाठी पाणी पूर्णेचं, जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणातलं. हे धरण 1968 सालचं. पाणी किती दिवसांनी सोडायचं हे ठरवताना धरणातला साठा, विजेचं बिल, जलकुंभांची क्षमता बघितली जाते. त्यात डासाचं आयुष्यही धरा, एवढंच माझं मागणं आहे. दोन पाळ्यांमधलं अंतर सात दिवसांच्या आत आलं, तर कोरडा दिवस प्रत्येक घरात पाळता येईल. त्यासाठी एका वेळी थोडं कमी पाणी सोडलं तरी लोक समजून घेतील. ज्या आठवड्यात ते जमणार नाही, त्या आठवड्याची तारीख व्हॉल्व्हमनच्या तोंडी न ठेवता आधी जाहीर करावी आणि त्या वॉर्डात अबेटिंगची, म्हणजे अळीनाशक टाकणारी माणसं सातव्या दिवशीच पाठवावीत.