शुश्रूषा करणाऱ्याची आबाळ
घरात कोणी पक्षाघाताने वा स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळले की औषधपाण्याची चर्चा चारचौघे करतात. जागरण मात्र एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते. ती बहुधा पत्नी, सून वा मुलगी असते. रुग्णाला कुशीवर वळविणे, उचलून बसविणे यांत शरीर शिणते; पण हे श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. त्यांत कंबर धरते, मन मोकळे होत नाही.

या आबाळीची किंमत जबर असते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराच्या शुश्रूषेच्या ताणाने गांजलेल्या वृद्धांना चार वर्षांतील मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणे. त्याला पैसा लागत नाही, उसंत लागते.

‘फिरायला जात जा’ असा उपदेश करणारे आप्त पुष्कळ. ‘तू जाऊन ये, मी बसतो’ म्हणणारा विरळा. २००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर टाकली. सेवा करणाऱ्याच्या विसाव्याची तरतूद त्यात नाही. ती घरानेच करावयास हवी. भावंडांनी पाळ्या ठरवाव्यात, शेजाऱ्यांनी घटकाभर बसावे. अन्यथा एके दिवशी त्या घरात रुग्ण दोन होतील आणि उशाशी बसावयास कोणीच उरणार नाही.