पाठ फिरविण्याचा हक्क

चित्रपटांतील व दूरचित्रवाणीवरील संभोगदृश्यें आणि नग्नता पाहतांना पुष्कळांस संकोच वाटतो, आणि या संकोचाविषयीं आज दोनच मतें मोठ्यानें बोललीं जातात. पहिलें मत असें कीं, ज्यास संकोच वाटतो तो मागासलेला. त्याच्या मनांतच कांहीं मळ असला पाहिजे, एरवीं शरीरासारखी निसर्गसिद्ध गोष्ट पाहून त्यानें मान खालीं कां घालावी? दुसरें मत असें कीं, ज्या अर्थीं आम्हांस संकोच वाटतो त्या अर्थीं ती वस्तु अश्लील आहे, आणि सरकारनें ती बंद केली पाहिजे. वरवर पाहणारास हीं मतें परस्परविरुद्ध वाटतील. आमच्या मतें तीं एकाच चुकीचीं दोन टोकें आहेत. संकोच म्हणजे काय हें न पाहतां एक पक्ष त्याचा रोग ठरवितो आणि दुसरा त्याचा कायदा करूं पाहतो. वस्तुतः संकोच हा समाजानें पिढ्यान्‌पिढ्या शिकून घेतलेला एक व्यवहार आहे. तो कसा चालतो हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं आळंदीच्या घाटावर जावें.

कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेंत इंद्रायणीच्या तीरावर हजारों स्त्रीपुरुष स्नान करतात. कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्यानें नदी आतां कित्येकदां फेसाळलेली असते, तरी स्नान चुकत नाहीं. ओलीं लुगडीं बदलणाऱ्या बायका आणि लंगोटीवर उभे असलेले पुरुष यांच्यामध्यें पुष्कळदां साधी कनातही नसते. असें असून त्या घाटास कोणी अश्लील म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तेथें जमणारे सर्वच लोक निर्विकार झालेले असतात असें कोणी समजूं नये. वारकरी झाला तरी माणूसच. परंतु तेथें पाहण्याची एक रीत आहे. लुगडें बदलणाऱ्या बाईकडे चुकून दृष्टि गेली तर ती तेथें ठरत नाहीं. शेजारची अनोळखी बाई न सांगतां पदराचा आडोसा धरते. आणि जो कोणी टक लावून पाहील त्याची पांच जणी मिळून कानउघाडणी करतात. अंग उघडें आहे, परंतु तें कोणासाठीं मांडलेलें नाहीं. आणि पाहणारास पाठ फिरवितां येते. या दोन गोष्टींवर घाटाची सारी सभ्यता उभी आहे.

आळंदीच्याच कथाभांडारांत या विषयाची एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांस सामोरें जाण्यासाठीं ज्ञानदेवादि भावंडांनीं जी भिंत चालविली, ती भिंत आळंदीस आजही दाखवितात. त्याच चांगदेवांची दृष्टि पुढें एकदां स्नान करीत असलेल्या मुक्ताबाईवर पडली. ते लाजून माघारे वळले, आणि मुक्ताबाईनें त्यांस निगुरा म्हणून झिडकारलें. गुरुकृपा झाली असती तर तुला हा भेद दिसलाच नसता, असा तिच्या बोलण्याचा आशय. कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात, आणि तिचा अध्यात्मांतला अर्थ त्यांच्याच मुखानें ऐकावा. अलीकडे मात्र ती भलत्याच कामीं जुंपली जाते. पडद्यावरील नग्नतेचे कैवारी म्हणतात कीं, सातशें वर्षांपूर्वीं एका मुलीस जें कळलें तें तुम्हांस अजून कळत नाहीं. तुम्ही मान वळवितां, म्हणजे तुम्ही अजून निगुरेच.

हा युक्तिवाद ऐकावयास सफाईदार आहे. परंतु त्यांत बोलणारें कोण हेंच विसरलें जातें. तें बोलणें मुक्ताबाईचें आहे. जिचें अंग, तिनेंच तें म्हटलें. तिनें स्नानास तिकीट लावलें नव्हतें, आणि तिच्या वतीनें दुसऱ्या कोणी तिचें स्नान विकावयास काढलें नव्हतें. शिवाय चांगदेवांनीं पाठ फिरविली म्हणून तर त्यांस उपदेश मिळाला. ते तेथेंच उभे राहून पाहत राहते आणि ‘मी निर्विकार आहें’ असें सांगते, तर मुक्ताबाईनें त्यांस शिष्य केलें असतें काय? जिला अधिकार होता तिचा शब्द उचलून तो दिग्दर्शकाच्या किंवा विक्रेत्याच्या तोंडीं घालणें, ही त्या कथेची विटंबना होय.

मराठी माणसानें चित्रपट काढावयास आरंभ केल्यापासून हा स्नानाचा प्रश्न त्याच्यासमोर आहे. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हां पडद्यावर यावयास कोणी स्त्री मिळेना. तारामतीचें काम अण्णा साळुंके यांनीं केलें, आणि जलक्रीडेच्या दृश्यांत ओल्या साड्यांनीं वावरणाऱ्या तिच्या सख्याही सर्व पुरुषच होते. पुढें पंचवीस वर्षांनीं, १९३८ सालीं, मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखांत पडद्यावर आल्या आणि मोठा गहजब झाला. कथा अत्रे यांची होती व ब्रह्मचर्याच्या उसन्या आवेशाची तींत थट्टा होती. आज तो पोशाख पाहून कोणी दचकणार नाहीं. यावरून कांहीं लोक असें अनुमान काढतात कीं, संकोच काळाबरोबर मावळत जातो. आजचा संकोच उद्यां हास्यास्पद होईल, मग त्याची पर्वा कशाला? हें अनुमान अर्धेंच खरें आहे. कापडाचें माप काळाबरोबर बदलतें हें कबूल. परंतु कोणाचें अंग, कोणाच्या संमतीनें, कोणासमोर आणि कशासाठीं दाखविलें जात आहे, हा प्रश्न १९३८ सालीं जितका खरा होता तितकाच आजही आहे.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण ‘चक्र’ या चित्रपटाचें आहे. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनीं हा हिंदी चित्रपट काढला. तो १९८१ सालीं लोकांसमोर आला. त्यांत झोपडपट्टींतील स्त्री उघड्यावर स्नान करते असें दृश्य आहे, आणि ती भूमिका स्मिता पाटील यांनीं केली. जेथें न्हाणीघरच नाहीं तेथें बाईनें स्नान करावें कोठें? तें दृश्य कथेंतून आपोआप निघालें आहे आणि तें पाहतांना मनांत विकारापेक्षां शरम उत्पन्न होते. बाईबद्दलची नव्हे, ज्या शहरानें तिला भिंत दिली नाहीं त्या शहराबद्दलची. पण चित्रपटाच्या जाहिरातींच्या फलकांवर झळकलें तें हेंच स्नान! अर्धवट उघड्या अंगांचें आमिष दाखवून प्रेक्षकांस ओढण्याच्या या रीतीबद्दल स्मिता पाटील यांनीं पुढें एका मुलाखतींत उघड नाराजी बोलून दाखविली. स्त्री तीच, स्नान तेंच. पण चित्रपटगृहांत जें समजून घेण्यासारखें होतें तें चौकांत विक्रीचें झालें. प्रेक्षक निवड करून आंत गेला होता. चौकांतून जाणाऱ्यास निवड नव्हती. आणि जिनें तें दृश्य दिलें, तिनें तें फलकासाठीं दिलें नव्हतें.

कलेच्या नांवाखालीं याहूनही वाईट घडलें आहे. बर्नार्डो बर्टोलुची या नामांकित इटालियन दिग्दर्शकाच्या १९७२ च्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ या चित्रपटांत मारिया श्नायडर ही अवघ्या एकोणीस वर्षांची नटी होती. बलात्काराच्या दृश्यांतील एक तपशील तिला मुद्दाम आगाऊ सांगितला नव्हता, कारण आपल्याला तिचा अभिनय नको होता, तिची खरीखुरी अवहेलना हवी होती, असें त्या दिग्दर्शकानें २०१३ सालीं स्वतःच सांगितलें. तोंपर्यंत ती नटी निवर्तली होती. तें दृश्य पाहून ज्या प्रेक्षकांनीं अस्वस्थ होऊन मान वळविली त्यांस त्या काळीं अरसिक म्हटलें गेलें असेल. आतां सांगा, त्यांच्या अस्वस्थपणांत अधिक जाण होती कीं रसिकांच्या टाळ्यांत? अशा दृश्यांच्या चित्रणासमयीं कलावंताची संमति सांभाळण्यासाठीं स्वतंत्र माणूस नेमण्याची पद्धत एचबीओ या अमेरिकन संस्थेनें २०१८ सालीं सुरू केली. म्हणजे ज्या धंद्यानें आमच्या संकोचास हसून दाखविलें, त्यालाच अखेर कलावंताच्या संकोचासाठीं पगारी रखवालदार ठेवावा लागला.

येथवर वाचून बंदीवाले मंडळी खूष झालीं असतील, तर त्यांनीं जरा थांबावें. त्यांची चूक लहान नाहीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांतून रवि जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट, निवडसमितीनें निवडलेला असतांही, केंद्र सरकारच्या मंत्रालयानें वगळला. निवडसमितीचे अध्यक्ष सुजय घोष यांनीं राजीनामा दिला. चित्रपटाची नायिका मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थ्यांसमोर नग्न बसून मुलाच्या शिक्षणासाठीं पैसे मिळविते, आणि तें काम त्या मुलापासून लपविते. म्हणजे संकोच हाच ज्या कथेचा विषय, ती कथाच संकोचाच्या नांवानें अडविली गेली! पुढें २०१८ सालीं तोच चित्रपट प्रौढांसाठीं म्हणून प्रमाणपत्र मिळून प्रदर्शित झाला. कलाशाळेच्या त्या वर्गालाही घाटासारखी एक रीत असते. बसणारी आपल्या इच्छेनें बसलेली असते, पाहणारे कामासाठीं पाहत असतात, आणि वर्गाचें दार बंद असतें.

न्यायालयांनीं या बाबतींत बंदीवाल्यांपेक्षां अधिक विवेक दाखविला आहे. ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं असा निर्णय दिला कीं, फूलनदेवीची नग्न धिंड पाहून प्रेक्षकाच्या मनांत वासना नव्हे तर किळस व करुणा उत्पन्न होते, सबब नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. निर्णय योग्यच आहे. तथापि तोही प्रश्न अर्ध्यावर सोडतो. कायदा प्रेक्षकाच्या मनांत काय उठलें एवढेंच विचारतो. स्वतः फूलनदेवीनें, आपल्यावरील अत्याचार आपल्या संमतीवांचून पडद्यावर मांडले म्हणून, त्या चित्रपटास विरोध केला होता. बंदी मागणारे आणि बंदी उठविणारे दोघेही प्रेक्षकाच्याच मनाची चिंता करीत राहिले. जिचें अंग तिचा प्रश्न बाजूस पडला.

आतां घराकडे वळूं. आमची संस्कृति शृंगाराचें नांवही घेत नव्हती असें म्हणणाऱ्यांनीं रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या वाचाव्या. महाराष्ट्रानें शृंगार भरपूर ऐकला. मात्र लावणी फडांत ऐकली आणि कीर्तन देवळांत. एकच गृहस्थ दोन्हीकडे जात असे, परंतु फडावर तो मुलास व सुनेस घेऊन बसत नसे. याला कोणी ढोंग म्हणतील. आम्ही याला जागेचा विवेक म्हणतों. पडद्यानें हा विवेक मोडला, कारण त्यानें फड आणि माजघर एक केलें.

आळंदी, भोसरी, चाकण या पट्ट्यांत कारखान्यांत कामास आलेलीं किती तरी कुटुंबें भाड्याच्या एका खोलींत राहतात. सासरे, सून आणि बारा वर्षांचा मुलगा, सर्वांत मिळून एकच पडदा. एखाद्या प्रतिष्ठित मालिकेंत अचानक शय्यागृहाचें दृश्य येतें आणि सून पाणी आणण्याचें निमित्त करून उठते. पण उठून जाणार कोठें? त्या खोलींत पाठ फिरवावी तर समोर भिंत. ज्यांच्या घरीं तीन खोल्या आणि दरडोई एक पडदा आहे त्यांनीं या सुनेस धीट होण्याचा उपदेश करावा, यासारखें स्वस्त शौर्य दुसरें नाहीं. तिला शरीराची घृणा नाहीं. सासऱ्यांसमवेत तें पाहणें तिला नको आहे, आणि हें नको म्हणण्यांत तिची बुद्धि पूर्ण शाबूत आहे.

सरकारनें मार्च २०२४ मध्यें १८ आणि जुलै २०२५ मध्यें २५ ओटीटी सेवा अश्लीलतेच्या कारणावरून बंद करविल्या. निव्वळ अंगाचा व्यापार करणारांसाठीं आम्ही अश्रु ढाळणार नाहीं. पण त्यायोगें या सुनेची अडचण दूर झाली नाहीं, कारण तिच्यासमोर येणारें दृश्य तसल्या दुकानांतलें नसून नांवाजलेल्या घरचेंच असतें. तिच्या उपयोगाचा नियम २०२१ सालींच झालेला आहे: प्रत्येक कृतीवर ७, १३, १६ वर्षांवरील किंवा केवळ प्रौढ अशी वर्गवारी लिहावी, आंत काय आहे तें आरंभीं सांगावें, आणि तेरा वर्षांवरील व त्यापुढच्या वर्गांस पालकांसाठीं कुलूप ठेवावें. नियम चांगला, अंमल मात्र कारकुनी. ती सूचना बहुधा इंग्रजींत, कोपऱ्यांत, डोळा लागण्याच्या आंत नाहींशी होते. मराठी कृतीची सूचना मराठींत, वाचून होईपर्यंत पडद्यावर कां असूं नये? अमुक दृश्य वगळून पुढें जाण्याची कळ कां देऊं नये? कृतीचा एक शब्दही कापावा लागत नाहीं, आणि घाटावर शेजारीण जो आडोसा धरते तेवढा या खोलींतही मिळतो.

आमची मागणी एवढीच आहे. ज्या कलावंतास आपलें अंग दाखवून कांहीं खरें सांगावयाचें असेल, त्याच्या वाटेंत सरकारनें उभें राहूं नये. पण त्याच्या किंवा तिच्या स्पष्ट होकारावांचून दिग्दर्शकानें कॅमेरा लावूं नये, आणि विक्रेत्यानें तो होकार फलकावर टांगूं नये. आणि ज्यास पाहावयाचें नाहीं त्यानें मान वळविली, तर तिच्यावरून त्याची बुद्धि किंवा त्याचा काळ मोजण्याचा अधिकार कोणासही नाहीं. चांगदेवांस निगुरा म्हणण्याचा अधिकार एकट्या मुक्ताबाईचा होता. तिकीट विकणाराचा तो नव्हे.